लग्नासाठी लेन्स हव्यात, पण हॉस्टेलच्या पाण्याचं काय?

प्रश्न : मी २० वर्षांची आहे, गाव सोलापूरकडचं, पुण्यात हॉस्टेलला राहून शिकते. उजव्या डोळ्याचा नंबर -५.५०, डाव्याचा -६.०० आणि त्याला -१.२५ सिलिंडर. मे महिन्यात ताईचं लग्न आहे आणि निदान तेव्हा तरी मला चष्म्याशिवाय फिरायचंय. रूममेट म्हणते, माझ्या ब्राउन लेन्स एकदा लावून बघ. चष्म्याच्या दुकानात म्हणाले, चष्म्याचाच नंबर चालतो, वर्षभर टिकणाऱ्या लेन्स घ्या, स्वस्त पडतील. आईचा मात्र साफ विरोध, डोळ्यात काही घालू नकोस म्हणते. हॉस्टेलला टाकीचं पाणी येतं, त्याचीही भीती वाटते. काय करू?

उत्तर : रूममेटच्या लेन्स लावू नकोस. फोटोपुरत्याही नाही. सुरुवात इथून करते, कारण बाकी सगळ्याला अजून वेळ आहे, पण हे कदाचित आज संध्याकाळीच होऊन जाईल. दुसऱ्याच्या डोळ्यातून निघालेल्या लेन्सवर त्याच्या अश्रूंमधली प्रथिनं आणि जंतू चिकटलेले असतात, आणि रात्रभर सोल्युशनमध्ये, म्हणजे लेन्स निर्जंतुक करण्याच्या द्रवात, ठेवूनही ते सगळे गेले याची खात्री कुणी देऊ शकत नाही. शिवाय तिच्या बुबुळाच्या वळणावर नीट बसणारी लेन्स तुझ्या डोळ्यावर आवळून बसू शकते. अशा लेन्सखाली अश्रू खेळत नाहीत, घाण अडकून राहते आणि बुबुळाला प्राणवायू कमी पडतो. रंगीत लेन्सला नंबर नसला तरी ती डोळ्याचं मोजमाप घेऊनच लावायची असते.

आता दुकानातल्या सल्ल्याबद्दल. चष्म्याचाच नंबर लेन्सला चालतो हे कमी नंबरवाल्यांच्या बाबतीत खरं आहे, तुझ्या बाबतीत नाही. चष्म्याची काच बुबुळापासून साधारण १२ मिलिमीटर पुढे असते, लेन्स थेट बुबुळावर बसते. अंतर बदललं की लागणारा नंबरही बदलतो. ४ नंबरच्या आत हा फरक दुर्लक्ष करण्याइतका छोटा असतो, त्यापुढे तो धरावाच लागतो. तुझा -५.५० लेन्समध्ये -५.२५ च्या आसपास येईल, -६.०० साधारण -५.५० होईल. चष्म्याचाच नंबर घातला तर दूरचं चकचकीत दिसेल, पण पुस्तक उघडून तासभर बसलीस की कपाळ ठणकायला लागेल.

डाव्या डोळ्याचं सिलिंडर, म्हणजे बुबुळाचं वळण सगळ्या दिशांना सारखं नसल्याने लागणारा जादा नंबर, हा वेगळा विषय. अर्ध्या नंबरचं सिलिंडर साध्या लेन्समध्ये सांभाळून घेता येतं, सव्वाचं नाही. तिथे टोरिक, म्हणजे सिलिंडरचा नंबर असलेली, लेन्सच लागते. टोरिकमध्ये सिलिंडरचे नंबर बहुतेक ०.७५, १.२५, १.७५ अशा पायऱ्यांनी मिळतात. अंतराच्या हिशेबाने तुझं सिलिंडर १ च्या जवळ येतं, म्हणून तपासणाऱ्याने ०.७५ आणि १.२५ दोन्ही लावून बघावं आणि जिने स्पष्ट दिसेल ती द्यावी. ही लेन्स डोळ्यात गोल फिरता कामा नये. फिरली की सिलिंडरचा अक्ष सुटतो आणि फळ्यावरची अक्षरं कधी स्पष्ट, कधी पसरट दिसतात. लेन्सच्या कडेला त्यासाठीच बारीक खुणा असतात आणि स्लिट लॅम्प या डोळा मोठा करून दाखवणाऱ्या यंत्रातून त्या जागेवर आहेत का ते पाहतात. लेन्स लावल्यावर डाव्या डोळ्याला दृष्टी अशी हलती वाटली तर ‘होईल सवय’ या उत्तरावर परत येऊ नकोस. ती लेन्स बदलून मिळायला हवी.

तपासणीसाठी नेत्रतज्ज्ञाकडे किंवा कॉन्टॅक्ट लेन्सचं काम रोज करणाऱ्या ऑप्टोमेट्रिस्टकडे जा. चष्म्याच्या चिठ्ठीवर नसलेले दोन आकडे तिथे मिळतात : बेस कर्व्ह, म्हणजे लेन्सचं आतलं वळण, जे मऊ लेन्समध्ये बहुतेक ८.४ ते ८.८ च्या दरम्यान असतं, आणि व्यास, तो १४ मिलिमीटरच्या आसपास. पापणी उलटून आतला भाग बघतील, अश्रूंची तपासणी करतील. पापणीत कागदाची पट्टी अडकवून ५ मिनिटांत ती १० मिलिमीटरहून जास्त भिजली तर ठीक. मग ट्रायल लेन्स लावून १५-२० मिनिटं बसवतील. लगेच ‘छान बसली’ म्हणून उठवलं तर थोडं थांबायचंय असं सांग, कारण नवी लेन्स डोळ्यात स्थिरावायला वेळ घेते आणि सुरुवातीच्या पाण्यात ती जरा जास्तच हलते. स्थिरावल्यावर पापणी मिटली की लेन्स जागच्या जागी किंचित सरकली पाहिजे. अजिबात हलत नसेल तर ती घट्ट आहे.

तिथे न विचारता दोन गोष्टी सांगून टाक. एक, मुरुमांसाठी आइसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या किंवा ॲलर्जीसाठी रोजची गोळी घेत असशील तर ते. दोन्हींनी डोळे कोरडे पडतात आणि कोरड्या डोळ्यांत लेन्स टोचते. दुसरं, सिलिंडर दरवर्षी वाढतंय का आणि डोळे चोळायची सवय आहे का. तसं असेल तर बुबुळाचा नकाशा, म्हणजे कॉर्नियल टोपोग्राफी, करून घ्यायलाच हवी. तुझ्या वयात केराटोकोनस नावाचा विकार असाच हळूच सुरू होतो. त्यात बुबुळ शंकूसारखं पुढे येतं आणि लेन्स वेगळ्या प्रकारची लागते.

कुठली लेन्स घ्यायची? माझं मत स्पष्ट आहे : डेली डिस्पोजेबल, सिलिकॉन हायड्रोजेल या प्राणवायू जास्त जाऊ देणाऱ्या मटेरियलची, डाव्या डोळ्यासाठी त्यातलीच टोरिक. सकाळी नवी उघडायची, संध्याकाळी कचऱ्यात टाकायची. डबी नाही, सोल्युशन नाही, रात्रीची धुलाई नाही. हॉस्टेलमध्ये सामायिक बेसिन आणि टाकीचं पाणी असताना लेन्स सांभाळण्याच्या ज्या कामात बहुतेकांची चूक होते, ते कामच उरत नाही. महाग पडेल असं वाटत असेल तर हिशेब करून बघ. आठवड्यातून दोन दिवस लेन्स लावलीस तर एका डोळ्याची ३० लेन्सची पेटी तीन महिन्यांहून जास्त पुरते. मंथली लेन्सचे ३० दिवस मात्र पाकीट फोडल्या दिवसापासून मोजतात, लावलेले दिवस नाही. म्हणजे आठ दिवस वापरून ती महिन्याने टाकून द्यायची, वर सोल्युशनचा खर्च. अधूनमधून वापरणाऱ्याला डेली परवडते. रोज लावणाराच्या बाबतीत गणित उलटं होतं. पैसे कमी पडले तर लावायचे दिवस कमी कर. डेली लेन्स धुऊन दुसऱ्या दिवशी लावायची नाही. ती धुण्यासाठी बनवलेलीच नसते.

वर्षभराची लेन्स नको, कारण जितका काळ लेन्स वापरात राहते तितकी प्रथिनं आणि चरबी तिच्यावर साचते. मग पापणीच्या आत बारीक पुळ्या येतात, लेन्स काढल्यावर खाज सुटते, सकाळी चिकट पाणी येतं. शिवाय या लेन्स बऱ्याचदा जुन्या धाटणीच्या हायड्रोजेलच्या असतात. बुबुळाला रक्तवाहिन्या नसतात, ते आपला प्राणवायू बहुतेक हवेतून, अश्रूंमार्फत घेतं. मायनस लेन्स मध्ये पातळ आणि कडेला जाड असते, आणि नंबर जितका मोठा तितकी कड जाड. तुझ्या नंबरला कडेकडेने प्राणवायू कमी पडला की पांढऱ्या भागातल्या रक्तवाहिन्या बुबुळावर सरकू लागतात. सिलिकॉन हायड्रोजेलमधून प्राणवायू कितीतरी जास्त जातो, म्हणून त्याचा आग्रह.

आता पाणी. तुझी भीती अगदी योग्य जागी आहे आणि या पत्रातला सगळ्यात महत्त्वाचा भागही हाच. टाकीचं, बोअरचं, नळाचं, आरओचं, बाटलीतलं, उकळून गार केलेलं, कुठलंच पाणी लेन्सला लागता कामा नये. अकँथअमीबा नावाचा एकपेशीय जीव माती-पाण्यात सगळीकडे असतो. पिताना तो आपल्याला काही करत नाही. पण लेन्सला चिकटून बुबुळावर पोचला आणि तिथे लेन्समुळे पडलेला बारीकसा ओरखडा सापडला की आत शिरतो. धोका जाणवला की तो स्वतःभोवती जाड कवच करून बसतो आणि नळाच्या पाण्यातलं क्लोरीन त्या कवचाला पुरत नाही. उपचाराचे थेंब सुरुवातीला दर तासाला, रात्रीसुद्धा, आणि पुढे कित्येक महिने घालावे लागतात. उशीर झाला तर बुबुळावर कायमचं फूल पडतं. साध्या पाण्याचा आणखी एक तोटा असा की अश्रूंमध्ये क्षार असतात, पाण्यात ते जवळजवळ नसतात. त्यामुळे पाणी लागलेली मऊ लेन्स फुगते, आकार बदलते आणि डोळ्याला चिकटून बसते.

म्हणून अंघोळ आधी, लेन्स नंतर. बादलीतून डोक्यावर तांब्या ओततानाही पाणी डोळ्यात जातंच. लेन्स घालून तोंडावर पाण्याचे हबके मारायचे नाहीत, ओल्या कपड्याने तोंड पुसायचं. पोहायला किंवा समुद्रात जायचं तर लेन्स खोलीवर. रंगपंचमीलाही. चुकून डोळ्यात पाणी गेलंच तर लेन्स काढून टाकून दे. डेलीचा हा आणखी एक फायदा, टाकताना जीव तुटत नाही.

मग हात कशाने धुवायचे? साबण आणि नळाच्या पाण्यानेच. पण नंतर हात पूर्ण कोरडे करायचे. हीच पायरी सगळे गाळतात. ओल्या बोटाला पाणी लागलेलं असतंच, वर लेन्स बोटालाच चिकटते, डोळ्यात उतरत नाही. क्रीम किंवा सुगंधी तेल असलेला साबण नको, त्याचा थर लेन्सवर चढतो. पुसायला सुती, धागे न सुटणारा, फक्त यासाठी ठेवलेला छोटा पंचा असू दे. नखं बोटाच्या टोकापुढे येणार नाहीत इतकी कापलेली हवीत. आणि मिरची चिरून किंवा ठेचा कुटून आली असशील तर त्या दिवशी लेन्सचं नावच काढू नकोस. मिरचीचा तिखटपणा तेलकट असतो, एका साबणाने जात नाही.

लेन्स लावताना नेहमी उजव्या डोळ्यापासून सुरुवात कर. तुझ्या दोन लेन्स वेगळ्या आहेत, अदलाबदल झाली तर डोकं धरून बसशील. बेसिनपाशी उभी राहू नकोस. टेबलावर स्वच्छ कागद पसर, त्यावर आरसा ठेव. लेन्सचं फॉइलचं पाकीट हलवून बघ, लेन्स आतल्या द्रवात तरंगू दे, मग बोटाच्या पेराने उचल, नखाने नाही. तर्जनीच्या टोकावर ठेवून बाजूने बघ. कडा सरळ वर गेलेल्या, वाटीसारख्या असतील तर सुलट. कडा बशीसारख्या बाहेर पसरलेल्या असतील तर उलटी. उलटी लेन्स डोळ्यात बसते, पण दिवसभर टोचते आणि पापणी मिटली की सरकते. दुसऱ्या हाताच्या बोटाने वरची पापणी मुळाशी, पापणीच्या केसांसकट, वर धर. लेन्सवाल्या हाताच्या मधल्या बोटाने खालची पापणी खाली ओढ. नजर आरशात सरळ ठेव आणि लेन्स बुबुळावर हलकेच टेकव. बोट काढून घे, खाली बघ, पापण्या सावकाश सोड. टोचत असेल तर चोळू नकोस. काढ, फॉइलमधल्या द्रवात बुडव, पुन्हा लाव. तरीही टोचली तर कडेला फाटलेली असेल, टाकून दे.

काढताना पुन्हा हात धुऊन कोरडे. वर बघायचं, तर्जनीने लेन्स खाली पांढऱ्या भागावर सरकवायची आणि अंगठा-तर्जनीच्या पेरांमध्ये हलकी चिमटून घ्यायची. हलत नसेल तर ती सुकली आहे. ओरबाडायची नाही. लेन्ससाठी चालणारे थेंब घालून पाच-दहा मिनिटं डोळे उघडझाप करत थांबायचं, की सुटते. लेन्स डोळ्यामागे मेंदूपर्यंत जाते ही भीती सोडून दे. पापणीच्या आतलं आवरण वळून डोळ्याला जोडलेलं असतं, मागे जायला वाटच नाही. फार तर ती वरच्या पापणीखाली घडी होऊन बसते.

पुढेमागे मंथलीकडे वळलीस तर सोल्युशनची शिस्त पाळावी लागेल. रोज लेन्स तळहातावर ठेवून सोल्युशनने बोटाने दोन्ही बाजूंनी चोळायची, मग धुवायची. नुसती बुडवून ठेवायची नाही. डबीतलं कालचं सोल्युशन पूर्ण ओतून टाकून नवीन भरायचं, उरलेल्यात भर घालायची नाही. २००६ साली एक प्रसिद्ध सोल्युशन जगभरातून परत घ्यावं लागलं, कारण ते वापरणाऱ्यांमध्ये फ्युजेरियम बुरशीमुळे बुबुळाला संसर्ग झाला होता. डबीतल्या जुन्या सोल्युशनमध्येच नवं ओतत राहण्याची सवय हेही त्यामागचं एक कारण ठरलं. सलाइनची बाटली दिसायला तशीच असते, पण सलाइन म्हणजे नुसतं मिठाचं पाणी, ते जंतू मारत नाही. डबी सोल्युशनने धुऊन उपडी वाळवायची, दर तीन महिन्यांनी नवी आणायची.

लग्नाची तयारी किमान सहा आठवडे आधी सुरू कर. पहिल्या दिवशी चार तास, मग रोज तासा-दोन तासाने वाढव, आठ-दहा तासांवर थांब. हळदीला आणि मेंदीला चष्माच लाव. मऊ लेन्स रंग शोषते. हळदीच्या बोटांनी हात लावलास की पिवळी पडलेली लेन्स परत पांढरी होत नाही, आणि मेंदी ओली असताना डोळ्यात काही गेलं तर हातच लावता येणार नाही. लग्नाच्या दिवशी केसांवर स्प्रे मारून झाला की हात धुऊन लेन्स लाव आणि मेकअप त्यानंतर. काजळ पापणीच्या आतल्या ओल्या कडेला घालू नकोस. तिथे तेल सोडणाऱ्या ग्रंथींची तोंडं असतात, ती बुजतात, आणि काजळ सरळ लेन्सवर जाऊन बसतं. पापणीच्या बाहेरून रेघ ओढ, फोटोत तितकंच उठून दिसतं. होमाच्या धुरापासून जरा मागे उभी राहा. पर्समध्ये प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले, छोट्या प्लास्टिक कुप्यांतले लुब्रिकंट थेंब, एक जादा जोडी आणि चष्मा असू दे. रात्री आधी लेन्स, मग मेकअप काढायचा. क्रीमचा हात लेन्सला लागायला नको.

आणि झोप. पुण्याहून सोलापूरला रात्रीच्या एसटीने जाणार असशील तर गाडीत बसण्याआधी लेन्स काढ. दिवसा मऊ लेन्स वापरणाऱ्या दर १० हजारांमध्ये वर्षाला साधारण दोन ते चार जणांच्या बुबुळाला जंतुसंसर्ग होतो, लेन्स घालून झोपणाऱ्यांमध्ये हा आकडा २० च्या आसपास जातो. मिटलेल्या पापणीखाली प्राणवायू कमी, ऊब जास्त आणि अश्रू थांबलेले, अशा अवस्थेत जंतूंना मोकळं रान मिळतं. स्कूटर चालवताना हेल्मेटची काच खाली ठेव, धुळीचा एक कण लेन्सखाली गेला तरी बुबुळ खरवडतं.

डोळा लाल झाला, दुखायला लागला, उजेड सहन होईना किंवा धूसर दिसू लागलं, यातलं एक जरी झालं तरी लेन्स ताबडतोब काढायची. काढल्यावर तासाभरात बरं वाटलं नाही तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे, रविवार असेल तर ससूनसारख्या मोठ्या रुग्णालयात. उद्यावर ढकलू नकोस. स्युडोमोनास हा जंतू एक-दोन दिवसांत बुबुळ पोखरू शकतो. काढलेली लेन्स, आणि असेल तर डबी, सोबत ने, त्यावरून जंतू शोधता येतो. डोळ्यावर पट्टी बांधायची नाही. गुलाबपाणी, मध काही नाही. आणि मेडिकलमधून ‘लाल डोळ्याचे थेंब’ आणून घालायचे नाहीत. त्यातल्या बऱ्याच बाटल्यांमध्ये स्टेरॉइड असतं. लाली दोन दिवसांत उतरते, बरं वाटतं, आणि आत बुरशी किंवा अमीबा पसरत राहतो.

आईला तपासणीला सोबत घेऊन जा. तिची भीती निराधार नाही, फक्त ती लेन्सपेक्षा निष्काळजीपणाबद्दलची आहे, आणि तुला हात धुऊन-पुसून लेन्स लावताना पाहिलं की तिला ते कळेल. लेन्सने नंबर कमी होत नाही हेही तिला सांगून ठेव, म्हणजे पुढच्या वर्षी त्यावरून वाद नको. सध्याच्या नंबरचा चांगला चष्मा बनवून घे. डोळे आले, रांजणवाडी झाली, ताप-सर्दी असली किंवा रात्रभर जागरण झालं तर तो दिवस चष्म्याचा. लेन्स सुरू केल्यावर आठवड्याने आणि महिन्याने तपासणीला जा, नंतर दरवर्षी. जाताना लेन्स तीन-चार तास घालून जा, म्हणजे ती डोळ्यात कशी वागते हे तपासणाऱ्याला बघता येतं.